इंजनाची पेटी

अडकित्त्याचा कट्‌ असा आवाज झाला आणि ओसरीवरची शांतता मोडली.

 विनायकनं मेळा कचेरीचा कागद वाचून दाखवला होता, घडी घालून गुडघ्याखाली सरकवला होता आणि वडिलांच्या तोंडाकडे पाहत बसला होता. भय्यासाहेब हातातली सुपारी नुसती फिरवत होते. दाराच्या आत अनसूया गहू निवडत होती. सुपारी कातरली गेली म्हणजे मामंजींचं काहीतरी ठरलं, हे लग्नानंतरच्या सात वर्षांत तिला पाठ झालं होतं.

"विजेचे दिवे?" भय्यासाहेब म्हणाले. "नावेत?"

"हो. घासलेटाचं काही चालणार नाही म्हणतात. कंदील नाही, गॅसबत्ती नाही. सिंहस्थाच्या गर्दीत आगीची भीती. ज्या नावेत विजेचे दिवे, तिलाच सूर्यास्तानंतरचा पास."

"बघू तो कागद."

कागदावर छापलेल्या 'मध्यभारत'वर शाईची आडवी रेघ मारून वर हातानं 'मध्यप्रदेश' लिहिलं होतं. भय्यासाहेब मजकुरापेक्षा त्या रेघेकडेच जास्त वेळ बघत राहिले. त्यांचे पणजोबा संस्थानच्या सरकारी नावखान्यावर हिशेबनीस म्हणून उज्जैनला आले होते. नावखाना गेला, सरकार गेलं, आणि त्या सगळ्यातली एक नाव तेवढी घरात उरली. बुडाला सपाट, तीस माणसं घेणारी, दर उन्हाळ्यात डांबर पिऊन काळी होणारी. दर गुरुवारी सांजेला घरातल्या दत्ताच्या पादुका त्या नावेतून क्षिप्रा ओलांडून रामघाटावर जात आणि आरती नावेतच होई. पास नाही म्हणजे गुरुवारही नाही.

आणि विनायकचं ऑफिस नोव्हेंबरात भोपाळला गेलं होतं. तो रजेवर रजा टाकून इथे टिकून होता. सिंहस्थात यात्रेकरूंच्या भाड्यावर नाव नीट चालली तर तो राजीनामा देणार होता. नाही तर बिऱ्हाड मोडायचं, म्हाताऱ्याला नदीकाठी एकटं ठेवायचं आणि कुठल्या तरी नव्या गावात खोली शोधायची.

"मग एक जनरेटर आणावा लागेल," विनायक म्हणाला. "डिझेलवरचा, लहानसा. फ्रीगंजमध्ये दोन-तीन दुकानांत आहेत. पण मला त्यातलं काही समजत नाही."

भय्यासाहेबांनी सुपारीची खांड गालात सरकवली. "तुला कशाला समजायला पाहिजे? घरात रतलामचं लोकोशेड आणून ठेवलंय की आपण. विचार तिला."

अनसूयाचे वडील रतलामच्या रेल्वे शेडात फिटर होते. लहानपणी दुपारचा डबा घेऊन ती जायची आणि वडील जेवून हात धूत तोवर इंजनांचे आवाज ऐकत उभी राहायची. कुठल्या इंजनाचा वॉल्व्ह गळतो, कुठल्याचं बेअरिंग वाजतं, हे तिला डोळे मिटून सांगता येई. सासरी या गोष्टीची थट्टा व्हायची. आज पहिल्यांदाच थट्टेखाली गरज होती. ती मान खाली घालून गहू निवडत राहिली, पण सुपातले खडे कुठले आणि दाणे कुठले, तिला दिसेना.

*

फ्रीगंजच्या दुकानात दोन मशिनं होती. एक जुनं, संथ, मोठ्या चाकाचं, पाण्याच्या टाकीवर थंड होणारं. ते आठ मण भरलं असतं आणि नावेच्या मधोमध आठ माणसांची जागा खाऊन बसलं असतं. दुसरं नवं, हिरव्या रंगाचं, तीन मणांचं. त्याला पाणी लागत नव्हतं. चाकाचेच पंखे त्याच्या अंगावर वारा घालत. पट्ट्यानं डायनामो फिरायचा आणि बारा दिवे आरामात पेटायचे.

दुकानातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं हँडल मारून दोन्ही चालवून दाखवली. जुनं हुक्का ओढल्यासारखं गुडगुडलं. नव्यानं सगळं दुकान डोक्यावर घेतलं. त्यांच्या पाच-सहा वर्षांच्या दुर्गानं कान झाकून आईच्या पदरात तोंड खुपसलं. अनसूयानं नव्या मशिनच्या बुडाशी तळवा टेकला, मग धुराच्या नळीजवळ नेला.

"आवाज जास्त आहे," विनायक म्हणाला.

"पण ठोका बरोबर आहे," ती म्हणाली. "आणि जुनं ठेवलं तर नाव मधे बसेल. पाणी कमी आहे यंदा. आठ मण नकोत."

मिस्त्रीनं तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. मग विनायकला सोडून तिलाच सांगू लागला, "बाई साहब, एक बात याद रखना. इसको हवा चाहिए. खुले में रखना, और नली सर के ऊपर तक ले जाना. बंद मत करना इसको."

"पता है," अनसूया म्हणाली. तिला ठाऊकच होतं. वडिलांनी हेच शंभर वेळा सांगितलं होतं.

परत येताना टांग्यात विनायक हसून म्हणाला, "मिस्त्री तुलाच मालक समजला." तिला इतकं बरं वाटलं, की तिनं उगाच दुर्गाची वेणी सोडून पुन्हा घातली.

*

मशीन बैलगाडीनं घाटावर आलं. घीसालाल केवटानं आणि विनायकनं बांबूला दोर बांधून ते नावेत उतरवलं. घीसालाल चाळीस वर्षं या घरची नाव हाकत होता. मराठी त्याला सगळी समजायची. बोलायचा मात्र माळवी.

"बईजी, ई तो रेलगाड़ी धरी दी नाव में," तो कपाळाचा घाम पुसत म्हणाला.

चार दिवस काम चाललं. सागवानी फळ्या कापल्या, भोकं पाडली, बोल्ट आवळले. अनसूया सकाळचा स्वयंपाक उरकून पदर खोचून नावेत यायची; हाताला ग्रीज लागायचं ते राखेनंही निघायचं नाही आणि पोळ्यांना वास येतो म्हणून भय्यासाहेब एक घास मुद्दाम हुंगून खायचे. नावेच्या अगदी मागे, मशिनला लागूनच्या खोलगट जागेत, घीसालालची बायको गेंदाबाई डब्यानं पाणी उपसत बसलेली असे. जुनी नाव झिरपायचीच. ऊन लागू नये म्हणून तिच्या डोक्यावर ताडपत्रीचं एक छप्पर होतं, तीन बाजूंनी खाली आलेलं. नाव चालू असताना तिचा डबा थांबत नसे: खरड, छपाक. खरड, छपाक. दुर्गा त्या ताडपत्रीखाली तिच्यापुढे पाय पसरून बसायची आणि काठावर नाव उभी असली की गेंदाबाई तिची चारपदरी वेणी घालायची. तशी वेणी अनसूयाला कधी जमली नाही.

गुरुवारी सांजेला पहिली फेरी झाली. पुढच्या टोकाला पादुका, त्यांच्याजवळ भय्यासाहेब, मधे वस्तीतली माणसं. विनायकनं हँडल मारलं. बारा दिवे एकदम पेटले आणि काठावरची माणसं उभी राहून बघू लागली. भय्यासाहेबांनी आरती सुरू केली. त्यांचे ओठ हलताना दिसत होते, एवढंच. नळीतून निघालेला निळा धूर वाऱ्यानं पुढे आला, निरांजनावरून फिरला आणि पादुकांवर पसरला.

पलीकडे पोचल्यावर मशीन बंद झालं. भय्यासाहेबांनी उपरण्यानं पादुका पुसल्या, उपरणं उलटून बघितलं. मग कुणाकडेही न बघता म्हणाले, "देवाला ऐकू गेलं नाही ते एक वेळ चालेल. त्याला शब्द माहीत आहेत. पण मला माझंच ऐकू येईना." आणि उपरणं खांद्यावर टाकत, "लोकोशेडानं हेच पसंत केलं का?"

बायका पदराआड हसल्या. अनसूया पायरीवर उभी होती. तिचे कान तापले.

"झाकता येईल," ती म्हणाली. कुणी विचारायच्या आत म्हणाली. "पेटी करते मी. आवाज अर्धा होईल. आणि धूर पुढे येणार नाही."

*

पेटी तिनं स्वतः आखली. बाहेरून फळ्या, आतून जुनी घोंगडी ठोकलेली. वरून झाकण. पण सगळीकडून बंद केलं तर मशीन तापून बसेल; एका बाजूला फटी ठेवाव्या लागणार होत्या. आणि नळी वर न्यायची तर वारा धूर पुन्हा पुढेच आणणार. ती खाली वळवून मागच्या बाजूनं पाण्याच्या वीतभर वर बाहेर काढावी लागणार होती.

खडू हातात घेऊन ती उकिडवी बसली. पुढे पादुका होत्या. डाव्या-उजव्या हाताला यात्रेकरू बसणार होते. त्यांच्या तोंडावर गरम वारा आला तर ते बोंब मारतील. मागं गेंदाबाई होती.

तिनं मागच्या फळीवर सहा रेघा ओढल्या.

रेघा ओढताना हात जरा थबकला होता, हे तिला नंतर कित्येक वेळा आठवलं. फार नाही. सुईत दोरा ओवायला लागतो तेवढाच.

"ह्या फटी कशाला?" दुर्गानं विचारलं. ती पेटीपाशी गुडघ्यांवर हनुवटी ठेवून बसली होती.

"इंजन श्वास टाकतं ना, त्याला वाट नको?"

"आपल्यासारखा?"

"आपल्यासारखा नाही. त्याचा श्वास वाईट असतो. जवळ तोंड नेलं की डोकं दुखतं." अनसूयानं तिच्या केसांवरचा भुसा झटकला. "तू आता मागे नाही बसायचं हं, दुर्गे. पुढे आजोबांजवळ बसायचं. ऐकलंस?"

"मग माझी वेणी?"

"मी घालीन."

पुढच्या गुरुवारी आरती ऐकू आली. इंजन लांबच्या गिरणीसारखं घुमत होतं आणि घंटेचा आवाज पाण्यावरून पार दत्ताच्या आखाड्यापर्यंत गेला. घाटावर भय्यासाहेबांनी चारचौघांत, जरा मोठ्यानंच सांगितलं, "आमच्या सूनबाईंनी केलंय." सात वर्षांत 'आमच्या सूनबाईंनी' हा शब्द तिनं पहिल्यांदा ऐकला. घरी आल्यावर ती चुलीपुढे बसून उगाच लाकडं पुढे-मागे करत राहिली.

मेळ्याचा साहेब येऊन दिवे मोजून गेला. पास मिळाला. विनायकनं भोपाळला पाठवायचा राजीनामा लिहून ट्रंकेत ठेवला.

*

चैत्र सरला. यात्रेकरूंचे लोंढे सुरू झाले आणि नाव संध्याकाळभर चालू लागली. गेंदाबाई एकदा घाटाच्या पायरीवर बसून दोन्ही हातांनी कपाळ दाबत होती.

"कई हुयो, गेंदाबाई?" अनसूयानं विचारलं.

"माथो फाटे, बईजी. चार दिन से. अन जी घबराय."

तिच्या नाकपुड्यांच्या कडा काळ्या दिसत होत्या. अनसूयानं बघितलं आणि नजर तिच्या पायातल्या चांदीच्या कड्यांवर नेली. "ऊन लागलं असेल," ती म्हणाली. "सुंठ उगाळून देते." तिनं घरी जाऊन सुंठ उगाळली, वाटीत आणली आणि स्वतःच्या हातानं तिच्या कपाळावर लावली. गेंदाबाई डोळे मिटून बसली होती. थोड्या वेळानं डोळे न उघडताच म्हणाली, "दुर्गा बेबी अब म्हारे कने बेठवा नी आवे."

अनसूयाचा हात थांबला.

"कई बात नी," गेंदाबाई हसली. "बड़ी हुई गई. अब वा देवता का पास बेठे. बामण की छोरी, कब तक बेठेगी केवटनी का खोळा में."

त्याच वेळी सांगता आलं असतं. जातीपातीसाठी नाही गं, त्या फटींसाठी. एवढंच वाक्य होतं. पण ते बोललं असतं तर पुढचंही बोलावं लागलं असतं, आणि पुढचं बोललं तर पेटी उघडावी लागली असती, आरती पुन्हा बुडाली असती, भय्यासाहेबांनी उपरणं उलटून बघितलं असतं. मेळ्याच्या साहेबानं पेटी तपासली असती. तिनं वाटीतली उरलेली सुंठ बोटानं निपटली आणि म्हणाली, "हो ना. मोठी झाली आता."

त्या संध्याकाळी तिनं विनायकला म्हटलं, "नळीचं तोंड जरा वर घेऊ या का?"

"आता? मेळ्यात? एक दिवस नाव बंद ठेवावी लागेल." तो पंपानं डिझेल भरत होता. "काही बिघडलंय का?"

"नाही," ती म्हणाली. "बिघडलं काही नाही."

*

वैशाखातल्या मोठ्या स्नानाच्या आधीचा गुरुवार होता. नाव तीसची, माणसं पन्नासेक चढली. घीसालाल ओरडून थकला. नाव मागून इतकी दबली, की नळीचं तोंड अर्धं पाण्यात गेलं. पण ते मागचं कुणाला दिसणार? सूर्य नुकता बुडाला होता. दिवे लागले. भय्यासाहेबांनी पंचारती उजळली.

अनसूया दुर्गाला मांडीवर घेऊन पुढे बसली होती. आरतीचं दुसरं कडवं चाललं असताना तिच्या पावलांना पाणी लागलं. गार. तिला आधी वाटलं, तांब्या कलंडला. मग ती ऐकू लागली. घंटा होती, टाळ होते, पेटीतला घुमारा होता. डब्याचा आवाज नव्हता.

ती उठली ती माणसांच्या खांद्यांवर हात टेकत, कुणाच्या मांडीवर पाय देत मागे गेली. "ओ बाई, देख के," कुणीतरी म्हणालं. ताडपत्री वर केली तशी गरम, उग्र वाफ तोंडावर आली आणि डोळ्यांतून पाणी आलं. गेंदाबाई गुडघ्यांवर डोकं ठेवून बसली होती, वाट बघून डुलकी लागावी तशी. डबा पाण्यात तरंगत होता. अनसूयानं तिचं तोंड वर केलं. ओठ लाल होते, विडा खाल्ल्यासारखे. गेंदाबाई विडा खात नसे.

तिनं मशीन बंद केलं. बारा दिवे विझले आणि पन्नास माणसं एकदम ओरडली. फक्त पंचारतीचा उजेड राहिला आणि त्यात भय्यासाहेबांचा आवाज, "दिवे का गेले? विनायक? दिवे का गेले?"

घीसालाल बांबू टाकून मागे आला. बायकोला त्यानं उचललं ते धान्याचं पोतं उचलावं तसं, आणि उघड्यावर आणून आडवं केलं. 

*

सरकारी दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "बंद जागेत होती का ही? धूर वगैरे?"

विनायकनं अनसूयाकडे बघितलं. मग म्हणाला, "नदीवर होती, डॉक्टरसाहेब. उघड्या नावेत."

त्यात खोटा असा एकही शब्द नव्हता. अनसूया खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तिनं तोंड उघडलं. बाहेर कुणीतरी बादली आपटली. तिनं तोंड मिटलं.

जिन्यावरून उतरताना विनायक हळूच म्हणाला, "पास जाईल. मग भोपाळ. आणि सांगून ती बरी होणार आहे का?" शेवटच्या पायरीवर स्वतःच म्हणाला, "मी उद्या पेटी काढून टाकतो."

त्यानं पेटी काढली. मशीन उघडं केलं, लोखंडी नळी उभी करून माणसाच्या डोक्यावर तीन हात नेली आणि तारेनं ताणून बांधली. अर्ध्या दिवसाचं काम निघालं. भय्यासाहेब काठावर उभे राहून बघत होते.  आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला आणि ते आरती मनातल्या मनात म्हणू लागले. लोकांत सांगायचं ते ठरून गेलं होतं: वैशाखाचं ऊन.

घीसालालही तेच म्हणायचा. "तावड़ो लागी गयो," असं विचारणाऱ्याला सांगायचा, आणि अनसूया दिसली की हात जोडायचा. "बईजी नी होती तो मरी जाती."

ते जोडलेले हात तिला बघवत नसत. ती दुसरीकडे काहीतरी शोधायला लागे.

*

सोळा दिवसांनी गेंदाबाई परत आली. मेळा ओसरला होता. सकाळची वेळ, पाणी काचेसारखं, नावेत बाहेरचं कुणी नव्हतं. भय्यासाहेबांनी स्वतः तिच्यासाठी पुढे घोंगडी अंथरायला लावली होती. पेटीतूनच निघालेलं ते घोंगडं होतं, दोनदा धुतलेलं.

ती बसली. चेहरा तसाच होता, पण नजर एखाद्या गोष्टीवर टेकली की तिथून उठायला वेळ लावायची. दोन्ही हात मांडीवर थरथरत होते, वाऱ्यात पळसाची पानं हलतात तसे, सारखे.

मागे पाणी उपसायला आता अनसूया बसत होती. खरड, छपाक. पहिल्या दिवशी तिच्या तळहाताला फोड आले होते. ते फुटून आता कातडी जाड होत होती. ते तिला बरं वाटायचं.

दुर्गा पुढे गेली आणि गेंदाबाईच्या समोर पाठ करून, पाय पसरून बसली. गेंदाबाई त्या केसांकडे बघत राहिली. मग तिनं हात उचलले. चार पेड केले. पहिला दुसऱ्यावरून घेतला, तिसऱ्याखालून काढला आणि तिथं थांबली.  चौथा पेड हातातून सुटला. तिनं पुन्हा चार केले, पुन्हा तिथंच थांबली. तिसऱ्यांदा थांबली तेव्हा तिनं केस सोडून दिले आणि आपले हात उलटसुलट करून बघितले.

"भूली गई," ती म्हणाली. कुणाचा तरी निरोप सांगावा तशी म्हणाली.

घीसालाल बांबू मारत होता. त्यानं बघितलं आणि पाण्याकडे तोंड केलं.

दुर्गा उठली. सुटे केस पाठीवर तसेच घेऊन ती नावेच्या मधून चालत आली, उघड्या मशिनपाशी थांबली, वर गेलेल्या नळीकडे मान वाकडी करून तिनं बघितलं. नळीच्या टोकापलीकडे नुसतं आभाळ होतं. मग ती आईपाशी येऊन उभी राहिली. अनसूयाचा डबा चालूच होता.

"आई."

"काय गं?"

"इंजनाचा श्वास वाईट असतो म्हणून तू मला मागे नको बसू म्हणाली होतीस ना?"

पुढे घीसालालचा बांबू पाण्यात गेला, तो तिथंच राहिला. त्याची पाठ यांच्याकडे होती. नाव आपल्या वेगानं थोडी पुढे सरकली आणि नदीच्या मधोमध संथ झाली.

"मग गेंदामौशीला का नाही म्हणालीस?"